नसलेले केस

झेंडूचं एक ताजं फूल घ्या, देठाला धरून पांढऱ्या ताटलीवर चार-पाच वेळा टकटक आपटा आणि मग फूल बाजूला ठेवून ताटलीकडं नुसतं बघत बसा. आधी काहीच दिसत नाही, थोडे पराग पडलेले, एखादी वाळकी पाकळी, थोडी माती. मग त्या कचऱ्यातली एक बारीक रेघ चालायला लागते. मग दुसरी. दीडेक मिलिमीटरची, काळपट नाहीतर पिवळसर, आणि चालता चालता मधेच शेपटाकडचा भाग वर उचलणारी. एवढ्यात एखादी उडून हातावर बसते आणि टोचते पण, कारण हे प्राणी पानाफुलांचं खातात पण घामाच्या कातडीवर तोंड मारून बघायला त्यांची ना नाही.

हे फुलकिडे. शेतात सगळे थ्रिप्स म्हणतात, दुकानात पण थ्रिप्सच म्हणतात, बाटलीवर पण तेच छापलेलं असतं. जगात यांच्या ६००० च्या वर जाती नोंदलेल्या आहेत आणि भारतातच ७०० च्या पुढं, पण आपल्याकडं बाटलीपुरता एकच.

मी काही कीटकांचा अभ्यास केलेला माणूस नाही. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर रक्त, लघवी, थुंकी, संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला येणाऱ्यांची गर्दी आणि मधल्या वेळात चहा. मायक्रोस्कोपला डोळा लावणं हे पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळं घरी कोणी "हे काय आहे बघ की जरा" म्हणून पुडी आणली की माझ्याच हातात येते. दाजींनी आणली ती झेंडूची होती. त्यांचं रान मार्डीच्या रस्त्याला, थोडा कांदा, थोडं डाळिंब आणि दसरा-दिवाळी धरून दरवर्षी झेंडू. दुकानदारानं त्यांना फुलकिड्याचं म्हणून तीन बाटल्या दिलेल्या, एकीचा उपयोग नाही झाला तर दुसरी मारा, दुसरीचा नाही झाला तर दोन्ही मिसळून मारा, असा एकंदर सल्ला. दाजी तसे शांत माणूस पण बिल बघून वैतागलेले. म्हणाले, "पाव्हणं, थ्रिप्स हाय हे मलाबी दिसतंय ओ. कुठला हाय ते सांगा."

आता हा प्रश्न ऐकायला साधा आहे, पण त्याच्या मागं लागलं की संध्याकाळी कुठं जातात कळत नाही.

पहिली वाटणी सोपी, ती भिंगानंसुद्धा होते. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग पुरतं. फुलकिड्यांचे दोन मोठे गट आहेत. एकाच्या पोटाचं शेवटचं टोक सरळ नळीचं असतं, तो ट्युब्युलिफेरा. दुसऱ्याचं टोक निमुळतं आणि मादीला खालच्या बाजूला दातेरी पात्याचं अंडी घालायचं अवजार, ज्यानं ती पानात किंवा पाकळीत चीर पाडून आत अंडं सारते, तो टेरेब्रँशिया. नळीवाल्या मादीकडं हे अवजार नसतं, ती अंडी वरच चिकटवून मोकळी होते. बसलेला असताना नळीवाला दोन्ही पंख पाठीवर एकावर एक घडी करून ठेवतो, दुसरा शेजारी शेजारी समांतर ठेवतो. पंख म्हणजे तरी काय, मधे एक अरुंद पट्टी आणि दोन्ही कडांना लांब लांब केस, आपल्या सोलापुरी चादरीला दशा असतात ना, तशा. एवढ्या बारीक जिवाला हवेत तरंगायला सलग पंखाची गरजच पडत नसावी, दशांवर भागतं.

दाजींच्या झेंडूतून नळीवाले पण निघाले. काळे, लांबट, पुढचे पंख मधे आवळलेले. हे हॅप्लोथ्रिप्स कुळातले (कूळ म्हणजे इथं जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), त्यांचे भाऊबंद ज्वारीच्या कणसात आणि गवताच्या तुऱ्यात पण भेटतात. मंगळवेढ्याकडचा कोणी हे वाचत असेल तर त्यानं ज्वारी फुलोऱ्यात असताना एक कणीस ताटलीवर आपटून बघावं, माझं काही म्हणणं नाही. पण दाजींच्या फुलात संख्येनं जास्त होते ते दुसऱ्या गटातले, तपकिरी, लहानखुरे. त्यांच्यासाठी स्लाइडच करायला लागते, आणि तिथून खरं काम सुरू होतं.

साध्या स्पिरिटमध्ये टाकला की हा प्राणी आखडतो, पाय पोटाशी, मिशा वाकड्या, मग काही मोजता येत नाही. म्हणून साठ टक्के अल्कोहोल दहा भाग, ग्लिसरीन एक भाग, ॲसिटिक ॲसिड एक भाग असं मिश्रण करतात, त्यात तो ऐसपैस पाय पसरून मरतो. मग पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, म्हणजे आतलं मांस विरघळून नुसतं कवच राहतं. कवचच वाचायचं असतं, आतलं सगळं अडचण. मग वाढत्या टक्क्याच्या अल्कोहोलमधून पाणी काढून टाकायचं, मग लवंग तेल, मग कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेत उताणा नाही, पालथा ठेवायचा, बारीक सुईनं एकेक पंख बाजूला, मिशा सरळ, आणि वरून कव्हरस्लिप. लवंग तेलाचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत टेबलाला राहतो. सकाळी रक्त द्यायला आलेल्या एका आजींनी विचारलं पण, इथं दात पण काढता का म्हणून.

आणि मग चारशे पटीत बघायचं. भिंगाखाली ज्याला आपण रेघ म्हणत होतो त्याला आता डोकं आहे, दोन मोठे डोळे आहेत, डोक्याच्या माथ्यावर तीन साधे डोळे त्रिकोणात मांडलेले आहेत. मिशांना पेरं आहेत, ती मोजायची. दाजींच्या किड्याला सात. तिसऱ्या आणि चौथ्या पेरावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एक काटकी, दोन फांद्यांची, तिनं तो वास घेतो. तोंड खाली, सुळकेदार, आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखं नाही. हे मला फार आवडतं. फुलकिड्याला जबडा एकच असतो, डावा. उजवा अंड्यात असतानाच विरघळून जातो. त्या एका जबड्यानं तो भोक पाडतो आणि दोन बारीक सुयांची नळी करून आतलं ओढून घेतो. परागकण पण असाच, एक भोक पाडायचं, आतला रस प्यायचा आणि रिकामं टरफल सोडून पुढच्याकडं जायचं.

जिवंत असताना काचेवर चालवून खालून बघितलं तर अजून एक गंमत, पायाच्या टोकाला एक फुगा आहे, पाय टेकवला की फुगतो, उचलला की आत जातो. त्या फुग्यामुळं तो गुळगुळीत पाकळीवर, उलटा, वाऱ्यात, कसाही टिकतो. दाजी तो फुगा बघताना बराच वेळ खुर्चीतनं उठलेच नाहीत, मागं पेशंट थांबलेला.

आता ओळख. ओळखायची पुस्तकं असतात, कीज म्हणतात त्यांना, पायरीपायरीनं जायचं असतं, असं असेल तर इकडं जा, तसं असेल तर तिकडं. भारतातल्या फुलकिड्यांवर आयुष्य घातलेले टी. एन. अनंतकृष्णन मद्रासचे, आणि जगभरच्या जातींच्या कीज ज्यांच्या कामावर उभ्या आहेत ते ऑस्ट्रेलियातले लॉरेन्स माउंड. या लोकांच्या वर्णनाची भाषा वाचायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा काय खटकलं असेल तर त्यातले नकार. अमुक केस नाहीत. तमुक रांग तुटलेली. कंगवा नाही. रक्ताची स्लाइड बघताना माझं सगळं लक्ष जे आहे त्याच्यावर असतं, केंद्रकाचे किती तुकडे, दाणे कुठल्या रंगाचे, आणि त्यावर पेशीचं नाव ठरतं. इथं निम्मी ओळख जे नाही त्याच्यावर चाललेली.

उदाहरण म्हणून फुलात सगळ्यात जास्त भेटणारी दोन कुळं घ्या, फ्रँकलिनिएला आणि थ्रिप्स. हो, थ्रिप्स नावाचं एक कूळ पण आहे, सगळ्या थ्रिप्सांमधलं, लिनियसनं १७५८ सालीच ठेवलेलं. नुसत्या भिंगानं बघाल तर दोघं एकच. चारशे पटीत डोक्यामागची पाठीची पहिली ढाल बघा. फ्रँकलिनिएलाला त्या ढालीच्या पुढच्या कडेला आणि पुढच्या कोपऱ्यांत लांब केस असतात, मागच्या कोपऱ्यांत पण असतात. थ्रिप्स कुळाला लांब केस फक्त मागच्या कोपऱ्यांत, दोन जोड्या, पुढं काही नाही. माथ्यावरच्या तीन डोळ्यांच्या पुढ्यात केसांची पहिली जोडी फ्रँकलिनिएलाला असते, थ्रिप्सला नसते. पुढच्या पंखाच्या पहिल्या शिरेवर फ्रँकलिनिएलाला केसांची सलग रांग, थ्रिप्सच्या बहुतेक जातींत मधे रांग तुटते, मग मोकळी जागा आणि टोकाकडं मोजके दोन-चार केस. म्हणजे थ्रिप्स कोण, तर ज्याला हे नाही, ते नाही आणि इथं मोकळी जागा आहे तो.

आता गोम अशी की नसलेला केस आणि तुटून पडलेला केस हे वरवर बघता सारखेच दिसतात. स्लाइड करताना सुई लागून केस तुटतात, ब्रशनं उचलताना तुटतात. मग नाही म्हणजे मुळातच नाही की गेला? त्याला उपाय आहे. केस जिथून उगवतो तिथं कवचात एक बारीक गोल खळगा असतो. केस पडला तरी खळगा राहतो. खळगाच नसेल तर केस कधी नव्हताच. पुढच्या कडेला फोकसचा स्क्रू अगदी हळू हळू फिरवत खळगा शोधायचा, सापडला नाही की दुसरी बाजू बघायची, कारण तोंड सोडलं तर प्राणी दोन्हीकडं सारखा असतो, मग दुसरा नमुना, मग तिसरा. नाही म्हणायला आहे म्हणण्यापेक्षा जास्त बघायला लागतं. लॅबमध्ये पण खरं तर हेच आहे, मलेरियाचा जंतू दिसला की दिसला, काम संपलं. दिसला नाही असं लिहायला मात्र स्लाइडची कितीतरी फील्ड पालथी घालायला लागतात, आणि तेवढी घातली नसतील तर त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही.

दाजींच्या किड्याचं काय झालं ते सांगतो. सात पेरांच्या मिशा. ढालीच्या पुढच्या कडेला लांब केस नाहीत, मागच्या कोपऱ्यांत दोन जोड्या, त्या पण आखूडच. शिरेवरची रांग तुटलेली. म्हणजे फ्रँकलिनिएला बाद, थ्रिप्सच्या भावकीतला. मग डोकं. डोकं ढालीच्या मानानं अगदीच लहान, एकदा लक्षात आलं की पुढच्या प्रत्येक नमुन्यात आधी तेच दिसतं. आणि मग पोट. पोटाच्या पाठीकडच्या पट्ट्यांची मागची कड साधी सरळ नव्हती, प्रत्येक कडेला रुंद त्रिकोणी दातांची ओळ. एकामागं एक पट्टी, प्रत्येकीला दातांची किनार. थ्रिप्स कुळातल्या किड्याला अशी किनार नसते. हा मायक्रोसेफॅलोथ्रिप्स ॲब्डॉमिनॅलिस. १९१० साली क्रॉफर्ड नावाच्या माणसानं वर्णन केलेला, अमेरिका खंडातला, आणि आता गरम देशांत सगळीकडं पसरलेला. राहतो कुठं, तर झेंडू, सूर्यफूल, झिनिया असल्या एका गोंड्यात शेकडो फुलं असलेल्या घराण्यात. झेंडू पण मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला दाराला लावतो, देवीला घालतो, गाड्यांना बांधतो, आणि त्यातलं फूल पण बाहेरचं आणि किडा पण तिकडचाच, आपलं म्हणायला फक्त दोरा.

आमच्या गल्लीत पूर्व भागातनं राहायला आलेल्या एक अक्का आहेत, तेलुगू. नवरात्राच्या आधीपासून बतुकम्मा या त्यांच्या फुलांच्या सणाची फुलं रचायला लागतात, तरवडाची पिवळी, कुर्डूची, झेंडूची, एकावर एक थर. त्यांच्या परातीत उरलेली फुलं मी मागून आणली. अक्कांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "घ्या ओ, पण किडे मारून पाप नका लावू मला." तर त्याच परातीतल्या तरवडातून निघालेले वेगळे होते, पोट तपकिरी आणि डोकं-छाती नारिंगी. हा रंगावरनं लगेच थ्रिप्स हवाइएन्सिस म्हणून सांगता येईल असं वाटतं, आणि इथंच थांबायला पाहिजे. कारण रंग.

रंगाचं एक असतं की तो लगेच दिसतो, म्हणून सगळे त्याच्यावरच बोलतात. पिवळा थ्रिप्स, काळा थ्रिप्स. हवाइएन्सिस दुरंगी असतो, पूर्ण तपकिरी पण असतो. कांद्यावरचा थ्रिप्स टबॅसी थंडीत वाढला तर गडद होतो, उन्हाळ्यात फिकट पिवळा, जात तीच. फ्रँकलिनिएला शुल्झेईचे काळे पण मिळतात, फिकट पण. त्यामुळं तरवडातल्या किड्याला नाव द्यायला मला परत पोटाखाली जावं लागलं. हवाइएन्सिसच्या पोटाच्या खालच्या पट्ट्यांवर, कडेचे सोडून, मधेही केसांची रांग असते. टबॅसीच्या खालच्या पट्ट्या मधे मोकळ्या, थ्रिप्स पाल्मी म्हणून अजून एक जात आहे तिच्या पण मोकळ्या. इथं रांग होती. नाव लागलं, पण नारिंगी छातीमुळं नाही.

टबॅसीची सांगतो, कारण कांद्याचा बाजार सोलापूरचा आणि सगळ्यांच्या पोटाशी संबंधित. माथ्यावरचे तीन साधे डोळे बहुतेक जातींत लाल असतात, जिवंत असताना भिंगातून लाल ठिपके दिसतात. टबॅसीचे करडे. लाल नसणं हीच खूण. पंखाच्या पहिल्या शिरेवर टोकाकडच्या भागात बहुधा चार केस, पाल्मीला तीन. एका केसाचा फरक, आणि त्यावर दोन वेगळी पिकं, दोन वेगळे रोग.

रोगावरनं आठवलं, ही गोष्ट मला दाजींना सांगायला फार उपयोगी पडली. भुईमुगाला शेंडेमर म्हणून रोग येतो, शेंडा काळा पडून मरतो, विषाणूचा रोग, फुलकिडे पसरवतात. आधी त्याचा वाहक फ्रँकलिनिएला शुल्झेई असं लिहिलं गेलं, नंतर कळलं की मुख्य काम थ्रिप्स पाल्मीचं. दोघं एकाच पिकावर असू शकतात, दोघं फुलात सापडतात. आणि या विषाणूंचं अजून एक, पिल्लू असताना त्यानं रोगट पानाचं खाल्लं तरच तो मोठेपणी रोग देतो, मोठा झाल्यावर पहिल्यांदा खाल्लं तर देत नाही. म्हणजे फुलात दिसला एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. त्याची पिल्लं त्या झाडावर वाढतात का, हा खरा प्रश्न. फुलात कोणीही बसलेलं असतं. वाऱ्यानं आलेलं, दुसरीकडं जाता जाता थांबलेलं. शेंगदाण्याच्या चटणीच्या गावात राहून हे माहीत नसावं याचं मला जरा वाईट वाटलं, पण असो.

आणि दाजींचा लहान डोक्याचा? तो अगदी निरुपद्रवी आहे असं पण नाही. टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणू आहे, तो वेगळ्या रस्त्यानं जातो. तो परागकणांत असतो. किडा ते पराग अंगावर घेऊन दुसऱ्या झाडावर जातो, तिथं टोचून जखम करतो आणि परागातला विषाणू जखमेतनं आत. किड्याच्या शरीरात विषाणू वाढत वगैरे काही नाही, तो नुसता हमाल. अंगावर पराग घेऊन फिरणारा कुठलाही फुलकिडा हे करू शकतो, आणि हा लहान डोक्याचा या कामात सापडलेल्यांपैकी आहे. २००० साली आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग याच विषाणूनं मोठ्या प्रमाणावर वाळला, आणि पराग कुठले तर बांधावरच्या गाजरगवताचे. गाजरगवत स्वतः आजारी दिसत पण नाही, हिरवंगार, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. आपल्याकडं अशी किती रानं आहेत की ज्याच्या बांधावर ते नाही? मी दाजींना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, "बांध माझा हाय, गवत सरकारचं."

फवारणीचं बोलायला मी कोण, पण एवढं दिसतं ते लिहितो. पिल्लाच्या दोन अवस्था झाल्या की दाजींच्या किड्याच्या गटातल्या बऱ्याच जाती खाली मातीत जातात, तिथं दोन टप्पे खाणंपिणं बंद करून पडून राहतात, मग मोठे होऊन वर येतात. वरून मारलेलं औषध अंड्यांना लागत नाही कारण ती पाकळीच्या आत, मातीतल्यांना लागत नाही कारण ते मातीत. ज्याला लागतं त्यात एक लहान ढेकणाच्या घराण्यातला ओरियस पण असतो, फुलकिड्याच्याच आकाराचा, काळा-पांढरा, सुईचं तोंड. तो फुलात बसून फुलकिडे खातो. ताटलीवर आपटलेल्या फुलातून तो पण पडतो आणि सगळे त्याला पण थ्रिप्स समजून अजून एक पंप मारतात. औषध जास्त मारलं की हा आधी मरतो आणि फुलकिडे मागाहून परत येतात, जास्तच. तेलंगणा आणि आंध्रात २०२१ साली मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पायनस आला तेव्हा शेतकऱ्यांनी औषधांवर किती पैसा ओतला ते तिकडचे लोक अजून सांगतात. काळा थ्रिप्स म्हणून ओळखला गेला. त्याची पक्की खूण मात्र काळेपणा नाही, पोटाच्या आठव्या पट्टीच्या मागच्या कडेला बारीक केसांचा जो कंगवा बऱ्याच भाऊबंदांना असतो, तो याला नाही. परत एकदा नाही.

डाळिंबावरचा अजून वेगळाच, सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस. १९१९ साली हूडनं दक्षिण भारतातल्या नमुन्यांवरनं त्याचं वर्णन केलं, म्हणजे हा तरी आपला. मिशांना आठ पेरं, पिवळा, पोटाच्या प्रत्येक पट्टीवर आडवी गडद रेघ आणि बाजूला बारीक लवेच्या दाट ओळी. त्याला कोवळी पालवी आणि कोवळं फळ लागतं, सालीवर जे खरखरीत भुरे डाग दिसतात आणि व्यापारी ज्याच्यावर भाव पाडतो ते याच्यामुळं. दाजींचा झेंडू डाळिंबाला लागूनच आहे, त्यामुळं त्यांची खरी भीती ही होती की झेंडूतला किडा उठून डाळिंबात जाणार. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा असं मी म्हटलं, पण माझ्यापुरतं स्लाइडवर जेवढं दिसत होतं तेवढं दाखवलं, दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवून. डावीकडं झेंडूतला, दातांची किनार. उजवीकडं डाळिंबाच्या पालवीतला, किनार नाही, आडव्या रेघा आहेत, मिशांना एक पेर जास्त. दाजींनी दोनतीनदा इकडून तिकडं करून बघितलं. पेरं स्वतः मोजली, बोटानं टेबलावर ठोका देत. मग म्हणाले, "म्हंजे ह्याला मारून त्याचं काय व्हनार न्हाई."

तीन बाटल्यांपैकी एक उघडलेलीच नव्हती, ती परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. झेंडूचा शेवटचा तोडा तसाच गेला, बाजारात भाव बरा मिळाला, पाकळीवर थोड्या भुरक्या रेघा होत्या पण दिवाळीच्या गर्दीत त्या कोण बघतंय.

आता कांद्याचं बियाणं धरायला ठेवलेत त्यांनी, गोंडे फुलायला लागलेत, त्यातले आणून दिलेत छोट्या बाटलीत. कांद्यात आहे म्हणजे टबॅसीच असं धरून चालायचं नाही, गोंडा फूल आहे, त्यात कोणीही असू शकतं. पिल्लं बाजूला काढायची, त्यांच्यावरनं बहुतेक कीज चालतच नाहीत. नर सापडले तर ते पण बाजूला, नावं माद्यांवरनं लागतात, आणि टबॅसीत तर पुष्कळ ठिकाणी नर सापडतच नाहीत, माद्या नराशिवायच माद्यांना जन्म देत राहतात. सोडियम हायड्रॉक्साइड संपत आलंय, ते उद्या मागवायचंय.